व्हॉयेजरच्या तबकडीवर केसरबाईंच्या आधी वाजतं ते वाद्य: गुछिन आणि चिनी पारंपरिक संगीत

जवारी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. सुरुवात झाली केसरबाईंपासून. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे, हे इथल्या गाणं ऐकणाऱ्यांना सांगायला नको. काही वर्षांपूर्वी मी ती तबकडी पहिल्यापासून क्रमाने ऐकायला घेतली. भैरवीच्या अगदी आधी साडेसात मिनिटांचं एक वादन लागलं. तार छेडली जाते, नाद विरत जातो, जवळजवळ ऐकू येईनासा होतो, तरी डावं बोट तारेवरून सरकतच राहतं आणि शेवटी नुसती बोटाची सळसळ उरते. मी बारा वर्षं सतार शिकले आहे, मींड मला नवी नव्हती. पण स्वर संपल्यावरही चालू राहणारी मींड पहिल्यांदाच ऐकत होते.

ते वाद्य गुछिन. वादक ग्वान पिंगहू (१८९७–१९६७). रचनेचं नाव 'ल्यू श्वेई', म्हणजे वाहतं पाणी. पुढे नोकरीने मला चीनमधल्या सुजौला आणलं आणि गेली तीन वर्षं मी इथे गुछिन शिकते आहे.

वाद्य साधारण चार फूट लांब. आडवं टेबलावर ठेवायचं. सात तारा, पडदे एकही नाही. कडेने शिंपल्याचे तेरा ठिपके असतात, तेवढाच आधार. नाद तीन प्रकारचे: मोकळी तार ही पृथ्वी, ठिपक्यावर बोट हलकेच टेकवून काढलेला घंटेसारखा स्वर म्हणजे आकाश, आणि तार दाबून, घासत काढलेला स्वर म्हणजे माणूस. आवाज इतका लहान की शेजारच्या खोलीत पोचायची मारामार. हे मैफिलीचं वाद्य नव्हतंच. एकट्याने वाजवायचं, फार तर एका मित्रासमोर. बोया नावाचा वादक आणि चोंग झछी नावाचा त्याचा ऐकणारा यांची गोष्ट इथे लहान मुलांनाही येते. बोयाने मनात डोंगर आणून वाजवलं की झछीला डोंगर दिसायचा, पाणी आणलं की पाणी. झछी गेला तेव्हा बोयाने तारा तोडल्या आणि पुन्हा कधी वाजवलं नाही. जिवलग मित्राला चिनीत आजही 'चृयिन' म्हणतात, म्हणजे स्वर जाणणारा. आपला 'कानसेन' आठवतो, पण कानसेन सभेत बसतो, चृयिन एकच असतो.

मला खरं लिहायचं आहे ते लेखनपद्धतीबद्दल. गुछिनच्या रचना हजार-दीड हजार वर्षं लिहून ठेवल्या गेल्या आहेत. सर्वांत जुनी टिकलेली रचना 'यू लान' (एकांतातलं ऑर्किड). ती छ्यू मिंग नावाच्या वादकाकडून आली. त्याचा काळ इ.स. ४९४ ते ५९०. त्यात सगळं गद्यात लिहिलं आहे: अमुक बोट अमुक तारेवर ठेव, अमुक बोटाने आत ओढ. ही प्रत चीनमध्ये राहिली नाही, जपानमधल्या एका मंदिरात राहिली आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चिनी विद्वानांच्या हाती परत लागली. पुढे थांग काळात (सातवं ते दहावं शतक) या लांबलचक गद्याची जागा आखूड चिन्हांनी घेतली. एकाच चौकोनी जोडाक्षरात डाव्या हाताचं बोट, ठिपक्याचा क्रमांक, उजव्या हाताची क्रिया आणि तारेचा आकडा. सगळं आहे. मात्र स्वराचं नाव नाही आणि लयही नाही. कोणता स्वर किती वेळ थांबायचा याबद्दल पानावर जवळजवळ काहीच नाही.

म्हणून जुनी वही उघडून ती वाजती करायला स्वतंत्र शब्द आहे, 'दापू'. वादक महिनोन्महिने, कधी वर्षं, एका रचनेसोबत बसतो. बोटं कुठे पडतात हे वही सांगते. पुढचं बोट गाठायला हाताला किती वेळ लागतो, वाक्य कुठे संपल्यासारखं वाटतं, यावरून लय शोधायची. १४२५ साली मिंग राजपुत्र चू छ्वान याने 'शनछी मीपू' हा ६४ रचनांचा संग्रह छापला. त्यातली 'ग्वांगलिंग सान' ही ४५ भागांची प्रचंड रचना परंपरेतून पुसली गेली होती. तिसऱ्या शतकात शी खांग या कवीने मृत्युदंडाच्या आधी जी वाजवली असं सांगतात, तीच ही. ग्वान पिंगहूंनी विसाव्या शतकात ती त्या पानांवरून पुन्हा उभी केली. तीच वही समोर ठेवून दुसऱ्या वादकाने केलेली 'ग्वांगलिंग सान' ऐकली तर वेगळी वाटते, आणि कोणीही दुसऱ्याला चूक म्हणत नाही.

'ल्यू श्वेई'चं पाहा. आपण म्हणतो की दोन हजार वर्षांपूर्वीच्या बोयाची रचना अंतराळात गेली. प्रत्यक्षात तबकडीवर आहे ती १८७६ साली सिचुआनमध्ये छापलेल्या संग्रहातली. तिच्यात पाण्याचा लोंढा उसळल्यासारखा जो लांब घोळवण्याचा भाग आहे, तो १४२५ च्या छापात नाहीच. तो एकोणिसाव्या शतकातल्या चांग खोंगशान या दाओपंथी वादकाच्या हातून आला. मला हे कळलं तेव्हा आधी जरा खट्टू झाले. गुरूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, पाणी वाहतं आहे ना?

बाकी इतिहास अफाट आहे, हळूहळू प्रतिसादांत लिहीन. आपल्याकडच्या जाणकारांनी भर घालावी.

---

खर्ज

फार सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

दापूबद्दल वाचून भातखंड्यांची क्रमिक पुस्तकं आठवली. त्यांत स्वर आहेत, मात्रा आहेत, सम-खाली आहे, मींडेचा कंस आहे. तरी पुस्तकावरून बंदिश म्हणणारा कोणी भेटला की पहिल्या आवर्तनातच कळतं. म्हणजे आपण लय लिहिली आणि स्वराचा लगाव गुरूच्या गळ्यावर सोडला. त्यांनी बोट लिहिलं, घसट लिहिली (तुमच्या वर्णनावरून लगावच लिहिला म्हणायला हवा) आणि लय गुरूवर सोडली. दोघांनीही काहीतरी मुद्दाम कागदाबाहेर ठेवलं असावं असं मला वाटतं.

एक विचारतो. तुमच्या गुरू रचना शिकवताना वही समोर ठेवतात का?

---

जवारी

@खर्ज, नाही. समोरासमोर दोन वाद्यं मांडतात. त्या एक वाक्य वाजवतात, मी त्यांचे हात पाहून वाजवते. वही नंतर, घरी आठवण म्हणून. पिढ्यानपिढ्या असंच चाललं आहे. म्हणून तर मधली एक पिढी गळाली की सगळं धोक्यात येतं. १९५६ साली झा फूशी हे वादक दोन तरुण सहकाऱ्यांना घेऊन शहरोशहरी फिरले, जो जो गुछिन वाजवतो त्याचं ध्वनिमुद्रण करत. एवढ्या मोठ्या देशात शंभरही वादक मिळाले नाहीत. त्यानंतर दहाच वर्षांत सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि जुन्या विद्वानांचं हे वाद्य संशयाच्या यादीत गेलं. आज जे ऐकतो त्यातलं कितीतरी त्या एका प्रवासातल्या फितींवर टिकलं आहे. २००३ साली युनेस्कोने गुछिनचा गौरव केला. आता शहरात वर्ग भरलेले असतात.

तारांचंही बदललं. ग्वान पिंगहू रेशमी तारांवर वाजवत. साठच्या दशकानंतर पोलादावर नायलॉन गुंडाळलेल्या तारा आल्या. त्या तुटत नाहीत, आवाज मोठा येतो. पण ती बोटाची सळसळ, जिच्यामुळे मी या वाद्याकडे वळले, ती रेशमाची आहे.

---

वाटसरू

लेख आवडला, पण मनातलं सांगतो. मला चिनी संगीत नेहमी एकसारखंच वाटत आलं आहे. पाचच स्वर, तेच ते. हॉटेलात लावतात तसं. ऐकायला गोड, पण आपल्या रागसंगीतासारखा विस्तार कुठे आहे? माझं ऐकणं कमी पडत असेल तर दाखवा, शिकायची तयारी आहे.

---

काळी दोन

@वाटसरू, घरात पेटी असेल तर पाच मिनिटांचा प्रयोग सांगतो.

फक्त काळ्या पट्ट्या वापरायच्या. काळी तीनला षड्ज धरा आणि वर चढा: सा रे ग प ध. भूप. चिनी शास्त्रात ही 'गोंग' पद्धत. आता पट्ट्या त्याच, पण षड्ज काळी चारला न्या: सा रे म प आणि कोमल नी. मधमाद सारंग. त्यांची 'शांग'. काळी पाचला षड्ज: कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. सरळ मालकंस! त्यांची 'जुए'. काळी एकवरून दुर्गा, ती 'चृ'. काळी दोनवरून धानी, ती 'यू'. आपण याला मूर्च्छना म्हणतो.

भूप आणि मालकंस तुम्हाला एकसारखे वाटतात का? स्वर तेच पाच आहेत. फरक आधारस्वराचा आहे. तुम्ही हॉटेलात जे ऐकलं ते बहुधा सगळं भूपाच्या अंगाचं असेल.

अर्थात गोंग म्हणजे भूप राग नव्हे, स्वरसमूह तेवढा सारखा. रागाला चलन लागतं, वादी-संवादी लागतो. पण 'पाचच स्वर' म्हणून कमी लेखायचं असेल तर मालकंसालाही तेच म्हणावं लागेल.

---

जवारी

@काळी दोन, काय सोपं करून सांगितलंत! मी हे माझ्या गुरूंना पेटीच्या ॲपवर दाखवणार आहे.

थोडी भर. पाच हे मुख्य, पण सात त्यांना फार आधीपासून माहीत आहेत. बाकीचे दोन 'ब्येन' म्हणजे बदललेले स्वर म्हणून येतात, आपल्या विवादीसारखे जपून. आणि किती आधीपासून? हनान प्रांतात ज्याहू इथे क्रौंचाच्या पंखाच्या हाडापासून केलेल्या बासऱ्या सापडल्या, नऊ हजार ते पावणेआठ हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांतली एक अखंड, सात भोकांची, आजही वाजते. तिच्या सातव्या भोकाशेजारी एक बारीक भोक आहे. बनवणाऱ्याला स्वर किंचित हुकलेला वाटला असावा आणि त्याने तो नीट करून घेतला. त्या माणसाला कोणत्याही भाषेत नाव नाही, पण त्याचा कान काय होता हे आपल्याला माहीत आहे.

दुसरी गोष्ट घंटांची. हूपेई प्रांतात स्वेजौजवळ १९७८ साली झंग राज्याच्या यी नावाच्या अधिपतीची कबर उघडली. पाणी भरलेल्या त्या खड्ड्यात ६५ काशाच्या घंटांचा संच लाकडी-काशाच्या चौकटीवर अजून टांगलेला होता. इ.स.पू. ४३३ च्या सुमाराचा. एकूण वजन अडीच टन. घंटा गोल नाहीत, बदामासारख्या चपट्या. त्यामुळे नाद लवकर विरतो आणि स्वरांची गिचमिड होत नाही. शिवाय प्रत्येक घंटेत दोन स्वर: मध्यभागी ठोकलं की एक, बाजूला ठोकलं की त्यापासून गंधाराच्या अंतरावरचा दुसरा. आणि कुठे ठोकल्यावर कोणता स्वर येतो, शेजारच्या राज्यांत त्याला काय म्हणतात, हे सोन्याच्या मुलाम्यात घंटांवरच कोरलेलं. पाच सप्तकं. बाहेर काढल्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या मूळ घंटांवर वादन झालं, तेव्हा त्या सुरात होत्या. चोवीसशे वर्षं पाण्यात.

हे ऐश्वर्य माणसांच्या मोलाने आलेलं होतं, हेही लिहायला हवं. त्याच कबरीत यीबरोबर पुरलेल्या एकवीस तरुण स्त्रिया सापडल्या. त्यांच्यात वादक, नर्तकी असाव्यात असं मानतात. मी वूहानच्या संग्रहालयात त्या घंटांसमोर उभी राहिले तेव्हा हे डोक्यातून जाईना.

---

दस्तऐवज

उत्तम चर्चा. पण आतापर्यंत 'त्यांचं' आणि 'आपलं' असं दोन डब्यांत चाललं आहे, म्हणून कुचाची आठवण करून देतो.

कुचा म्हणजे आजच्या शिनज्यांगमधलं, तकलामकान वाळवंटाच्या उत्तरेच्या कडेचं बौद्ध राज्य. संस्कृत ग्रंथ चिनीत नेणारा कुमारजीव तिथलाच. इ.स. ५६८ साली उत्तर चौ घराण्याच्या सम्राटाशी लग्न करायला एक तुर्की राजकन्या आली. तिच्या लवाजम्यात कुचाचा एक पिपावादक होता. पिपा म्हणजे छेडून वाजवायचं, नासपतीच्या आकाराचं तंतुवाद्य. चिनी नोंदीत त्याचं नाव सूझिपो. अभ्यासक त्याचं मूळ रूप सुजीव असं लावतात. चंग यी नावाच्या अधिकाऱ्याने त्याचं वादन ऐकलं आणि लक्षात आलं की हा एका सप्तकात सात स्वर धरतो आणि त्याच्याकडे सात पद्धतींची व्यवस्था आहे, बापाकडून आलेली. स्वेई घराण्याच्या इतिहासग्रंथात त्या सातांची नावं चिनी उच्चारात दिली आहेत. शातोली, चिशृ, पानशान अशी. चिनीत त्यांना काही अर्थच लागत नाही. अर्थ लागतो तो संस्कृतात: साधारित, कैशिक, पंचम.

आता शारंगदेवाचं 'संगीतरत्नाकर' उघडा. सात शुद्ध ग्रामराग (आजच्या रागांच्या आधीचे जुने प्रकार) दिले आहेत, त्यांत शुद्ध साधारित, शुद्ध कैशिक, शुद्ध पंचम आहेत. तमिळनाडूतल्या कुडुमियामलईच्या सातव्या शतकातल्या शिलालेखातही तीच सात नावं कोरलेली आहेत. शारंगदेव देवगिरीला, सिंघण यादवाच्या आश्रयाला होता. सुजीव छांगआनला, म्हणजे त्या सम्राटाच्या राजधानीला, पोचल्यावर साडेसहाशे वर्षांनी, संभाजीनगरापासून तासाभराच्याही आत असलेल्या त्या डोंगराखाली, तीच नावं लिहिली जात होती. नाव तेच म्हणून स्वरही तेच, असं मात्र मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा नाही.

स्वेईच्या दरबारात आधी सात आणि मग नऊ संगीतविभाग होते. थांगांनी दहा केले. त्यांत कुचा, समरकंद, बुखारा, कोरिया आणि 'थ्येनचू', म्हणजे भारत, असे विभाग होते. खुद्द पिपाच बाहेरून आली. वाकड्या मानेची चार तारांची इराणकडून, सरळ मानेची पाच तारांची कुचामार्गे. पाच तारांची एक थांगकालीन पिपा जपानमध्ये नाराच्या शोसोइन या जुन्या राजकोठारात अजून जपून आहे. तिच्यावर शिंपल्यात उंटावर बसून पिपा वाजवणारा माणूस जडवला आहे. चिनी संगीताचं सुवर्णयुग म्हणतात ते हे, आणि त्यातलं अर्धं अधिक उंटावरून आलेलं.

त्याआधीचा एक आकडा मला नेहमी अस्वस्थ करतो. हान सम्राट वूने लोकगीतं गोळा करायला, वादक सांभाळायला संगीत खातं वाढवलं होतं. इ.स.पू. ७ मध्ये ते बंद झालं तेव्हा ८२९ माणसं कामावर होती, त्यांतल्या ४४१ जणांना काढलं. कारण, दरबारात 'चंग'ची, म्हणजे मौजेची, बेशिस्त गाणी फार झाली. कन्फ्यूशियसपासूनची तक्रार. तो स्वतः मात्र 'शाओ' संगीत ऐकून तीन महिने मांसाची चव विसरला होता.

---

वाटसरू

@काळी दोन, वडिलांची पेटी माळ्यावरून काढली. काळी पाचवरून मालकंस खरंच निघाला. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसली. मी माझं आधीचं वाक्य मागे घेतो.

@दस्तऐवज, शोसोइनमधल्या पिपेचे फोटो पाहतो आहे. शब्द नाहीत.

---

काळी दोन

@वाटसरू, वाचून आनंद झाला. आणि पेटी माळ्यावर परत ठेवू नका.

पेटीचा विषय निघाला आहे तर दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली. पेटीची पत्ती एका टोकाला पक्की, दुसऱ्या टोकाला मोकळी, हवेने थरथरणारी. हे तत्त्व वापरणारी वाद्यं पूर्व आशियात फार जुनी आहेत. चिनी 'शंग' हे त्यांतलं: भोपळ्याच्या वाटीत उभ्या बांबूच्या नळ्या, आत पत्त्या, तोंडाने फुंकायचं आणि ओढायचंही. झंगच्या यीच्या कबरीतही शंग होते. पेकिंगमध्ये राहणाऱ्या आम्यो या फ्रेंच पाद्र्याने १७७० च्या दशकात पॅरिसला शंग पाठवले. त्याच सुमारास युरोपात मोकळ्या पत्तीवर प्रयोग सुरू झाले आणि १८४२ साली दबॅनने पॅरिसला हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती मिशनऱ्यांबरोबर इकडे आली, आपल्या कारागिरांनी तिचा भाता मागे नेला, आणि मग संगीत नाटक तिच्यावाचून उभंच राहीना.

दुसरी गोष्ट सुरांची. मुळापासून पंचम, त्याचा पंचम, असं बारा वेळा गेलं की तेरावा स्वर मूळ षड्जाशी जुळायला हवा. जुळत नाही, किंचित वर जातो. चिनी लोकांनी बांबूच्या नळीची लांबी तिसऱ्या भागाने कमी-जास्त करत हेच केलं, आणि ही फट कशी बुजवायची यावर त्यांचे गणिती शतकानुशतकं डोकं घालत होते. हान काळात चिंग फांगने साठ स्वरांपर्यंत हिशोब नेला. शेवटी १५८४ मध्ये चू झाययू या मिंग राजपुत्राने उत्तर काढलं: सप्तकाचे बारा सारखे भाग. प्रत्येक पायरीला १.०५९४६३ ने भागायचं. त्यासाठी ८१ घरांचा अबॅकस वापरला आणि पंचवीस आकड्यांपर्यंत गणित केलं. बापाला सम्राटाने कैदेत टाकलं म्हणून हा माणूस एकोणीस वर्षं मातीच्या खोपटात राहिला होता, आणि पुढे राजपदावरचा हक्कही त्याने सोडला. दरबाराने त्याचं गणित वापरलं नाही.

याच बारा सारख्या भागांवरून आपल्याकडे पेटीवर केवढं वादळ झालं! कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींच्या पेटीमागे लागले. १९४० साली आकाशवाणीने पेटी बंदच केली. मी पेटीवाला आहे, हे मला लागतं. पण चू झाययूचं पुस्तक कोणी न वापरण्याचं कारण कदाचित तेच असेल: कान मानत नव्हता.

---

सिंगापुरी मावशी

उशिरा आले, सगळं एका दमात वाचलं.

माझी मुलगी इथे शाळेच्या चिनी वाद्यवृंदात अरहू वाजवते. दोन तारा, खाली लहान डबा, त्यावर अजगराची कातडी. गज दोन तारांच्या मध्ये अडकलेला, बाहेर काढताच येत नाही. खाली पट्टीही नाही, बोट हवेतच तारेला टेकतं. सारंगीवाल्यांना कळेल.

अरहूला आज चिनी व्हायोलिन म्हणतात, पण शंभर वर्षांपूर्वी ते नाटकाच्या साथीचं आणि रस्त्यावरच्या भिकाऱ्यांचं वाद्य होतं. ल्यू थ्येनह्वा यांनी ते उचललं. ते पेकिंगमध्ये शिकवायचे, स्वतः व्हायोलिन शिकले, अरहूसाठी दहा स्वतंत्र रचना आणि सत्तेचाळीस सरावपाठ लिहिले. १९२७ साली देशी संगीताच्या सुधारणेसाठी मंडळ काढलं. १९३२ मध्ये पेकिंगच्या थ्येनछ्याव बाजारातल्या ढोल-झांजवाल्यांचं वादन टिपून घ्यायला जात होते, तिथे ताप लागला आणि सदतिसाव्या वर्षी गेले. मुलगी त्यांचे सरावपाठ वाजवते तेव्हा मला त्या बाजाराची आठवण होते.

वाद्यवृंदाबद्दल मात्र माझं मन दोन्हीकडे आहे. सत्तर-ऐंशी मुलं एका सुरात वाजवतात तेव्हा अंगावर काटा येतो. पण इथेच फूच्येनहून आलेल्या कुटुंबांनी जपलेलं नानयिनही मी ऐकलं आहे. चार-पाच माणसं, पिपा अजून आडवी, थांग चित्रांत असते तशी. सगळे एकच चाल वाजवतात, पण प्रत्येकाची वाट थोडी निराळी. वाद्यवृंदात ती वाट उरत नाही.

---

खर्ज

@सिंगापुरी मावशी, मी तुमच्याहून कडक बोलतो. एका चालीला प्रत्येकाने आपापली नक्षी करणं हा या संगीताचा जीव असेल, तर पाश्चात्त्य हार्मनीसाठी सगळ्यांना एकाच कागदावर बसवणं म्हणजे तो जीव काढणं. चेलोच्या जागी चेलोसारखं देशी वाद्य बनवून काय मिळालं?

---

जवारी

@खर्ज, तुमचं म्हणणं पटतं आणि तरी पूर्ण पटत नाही. ल्यू थ्येनह्वांनी बाहेरून घेतलं, तसं पूर्वी चिनी दरबाराने सुजीवाकडूनही घेतलंच होतं. घेतल्यामुळे काही मेलं नाही. मला भीती वाटते ती एकच एक योग्य रूप ठरवण्याची. चहाच्या दुकानात बसून वाजवणारे ज्यांगनानचे (यांगत्सेच्या दक्षिणेकडच्या या भागातले) म्हातारे शांघायला, इथे सुजौला अजून आहेत. बांबू आणि रेशमाची वाद्यं, कोणाला वाटलं तर मध्येच थांबून चहा पितो. तेही राहू दे, वाद्यवृंदही राहू दे.

मावशी, तुम्ही रस्त्यावरच्या अरहूचा उल्लेख केलात म्हणून आबिंगचं लिहिते. वूशी गाव इथून जवळ आहे. ह्वा यानज्युन, जन्म १८९३, बाप दाओ मंदिरातला पुजारी-वादक. मंदिराचं सगळं संगीत बापाकडून शिकला. पुढे मंदिर गेलं, डोळे गेले, रस्त्यावर वाजवून, बातम्यांवर गाणी रचून पोट भरू लागला. लोक त्याला आंधळा आबिंग म्हणत. १९५० च्या उन्हाळ्याच्या अखेरीस संगीत-इतिहासकार यांग यिनल्यू आणि त्साओ आन्ह हे तारेवर ध्वनिमुद्रण करणारं यंत्र घेऊन वूशीला आले. यांग लहानपणी आबिंगकडे शिकले होते. आबिंगने बऱ्याच काळात वाद्याला हात लावला नव्हता. उसन्या वाद्यांवर त्याने सहा रचना वाजवल्या, तीन अरहूवर, तीन पिपावर. त्यांतल्या एकीला नाव विचारलं, तर नाव नाही म्हणाला. मग गावातल्या झऱ्यावरून 'अरछ्वान यिंग्युए' ठरलं, दुसऱ्या झऱ्यातला चंद्र. बाकीचं सराव करून पुढच्या वेळी वाजवतो म्हणाला. डिसेंबरात तो गेला. त्याच्याकडे आणखी किती रचना होत्या कोणास ठाऊक. उरल्या त्या सहाच.

ती मूळ तार ऐका. आज मोठमोठे वादक ही रचना वाद्यवृंदासह वाजवतात, रडवतात. आबिंग रडवत नाही. तो चालतो आहे असं वाटतं, एका हाताने रस्ता चाचपत.

---

सिंगापुरी मावशी

आत्ताच मुलीबरोबर ऐकलं. ती म्हणाली, "आई, गज किती घट्ट धरलाय त्याने." मग स्वतःचं अरहू काढून बसली आहे.

---

खर्ज

माझं वाक्य जरा जास्त झालं, मान्य. जवारी, तुम्ही स्वतः कधी दापू केलं आहे का?

---

जवारी

गेल्या महिन्यात पहिल्यांदा. १४२५ च्या संग्रहातली एक छोटी रचना गुरूंनी दिली, दहा-बारा ओळींची. सवयीने मी पहिलं वाक्य आठ मात्रांत बसवलं आणि समेवर आणलं. वाजवून दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग विचारलं, "श्वास कुठे घेतलास?" मला सांगता येईना. समेच्या नादात तारेवरची शेवटची घसट मी अर्ध्यात तोडली होती, बोट उचलून पुढच्या स्वरावर ठेवलं होतं. वहीत तिथे बोट उचलायची खूण नाही.

आता रोज सकाळी तेवढं एकच वाक्य घेऊन बसते. झालं की ध्वनिमुद्रण इथेच टाकते, आठ मात्रांचं जुनंही टाकते. खर्ज, ऐकून सांगा.